चार नंबरची कॅसेट

वासुदेवने बटण दाबलं आणि टेपरेकॉर्डरमधून नानांच्या आवाजाऐवजी नुसती किंचाळी बाहेर पडली. कर्कश, सलग, मध्येच थरथरणारी. त्याने घाईने टेप थांबवली आणि कॅसेट काढून उलटसुलट पाहिली. वरच्या कागदावर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं : 'ती. नाना, घनपाठ, ४'. कॅसेट पुन्हा आत घालून त्याने बटण दाबलं. पुन्हा तेच.

"काय वाजतंय ते?" त्याच्या बायकोने, गीताने, स्वयंपाकघरातून विचारलं.

"कुणीतरी नानांचा आवाज पुसलाय."

'कुणीतरी' हे आपलं बोलायची रीत म्हणून. कुणी, याबद्दल त्याला शंका नव्हती, आणि वासुदेवला एखाद्या गोष्टीची शंका नसणं हा प्रकार घरात क्वचितच घडे. बँकेत खोट्या सह्या पकडण्यात त्याची उमर गेली होती. दूधवाल्याच्या मापावर त्याचा संशय, नावाड्याच्या गोड बोलण्यावर संशय, आणि न कळवता आलेल्या पाहुण्यावर तर हमखास. धाकट्या भावाची, विश्वजीतची, बायको मालविका लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ती हसली की का हसली, याचाही तो मनातल्या मनात तपास करी.

मालविकाचा उद्योग काशीच्या रामघाटावर सगळ्यांना ठाऊक होता. मुलांनी खेळून खेळून टाकून दिलेले टीव्ही गेमचे डबे ती गोळा करी, दालमंडीच्या बाजारातून आणलेला कीबोर्ड त्यांना जोडी, खाचेत बेसिक भाषेची डबी बसवी, आणि ज्या पडद्यावर कालपर्यंत विमानं फुटत होती तिथे गल्लीतली मुलं कॉम्प्युटरला काम सांगायला शिकत. खरा कॉम्प्युटर त्यांच्यापैकी कुणाच्या बापाला परवडणार होता? फक्त या डब्यांच्या पोटात काही टिकत नसे. बत्ती गेली की लिहिलेलं सगळं साफ. म्हणून मालविका प्रोग्राम साध्या गाण्याच्या कॅसेटवर उतरवून ठेवी. कॅसेट वाजवली की तो असाच किंचाळे.

आणि उद्या सकाळी सुमंतकाका येणार होते. नानांचे गुरुबंधू. विद्यापीठासाठी ते जुन्या वैदिकांचे आवाज गोळा करत होते. नाना, म्हणजे ढुंढिराज घनपाठी, वेदातली पदं उलटसुलट गुंफून बिनचूक म्हणणारे, काशीतलं केवढं मोठं नाव, आणि त्यांच्या मागे उरला होता तो एवढाच आवाज, मोजक्या कॅसेटांमधला. नाना गेल्यापासून काका त्या मागत होते आणि वासुदेव टाळत होता. कधी टेप बिघडलेली, कधी बँकेत ऑडिट. या खेपेला काकांनी स्वतःच दिवस ठरवून निरोप पाठवला होता.

मालविका मधल्या खोलीत एका उघड्या डब्याच्या तारा जोडत बसली होती. वासुदेवने कॅसेट तिच्यासमोर धरली.

"ही तू घेतली होतीस?"

तिने हातातलं काम खाली ठेवलं. "हो, अण्णा."

"अलमारीची चाबी कुठून मिळाली?"

"मी दिली," गीता हात पुसत दारात येऊन उभी राहिली. "तिला नाना ऐकायचे होते. सासऱ्यांचा आवाज ऐकायला आता दरखास्त द्यायची का? काशीला एक कोतवाल आहे ना, काळभैरव, मग घरात दुसरा कशाला?"

"तू मध्ये पडू नकोस." तो मालविकाकडे वळला. "ऐकलीस, आणि मग पुसलीस."

"गलती झाली, अण्णा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं."

वासुदेवने कॅसेटची पाठ तिच्याकडे केली. कुणाच्या हातून पुसली जाऊ नये म्हणून तिथली प्लास्टिकची दोन्ही नखं त्याने स्वतः मोडून टाकली होती. नख मोडलं की रेकॉर्डचं बटण दबतच नाही. त्या रिकाम्या खाचांवर आता चिकटपट्टीचे दोन तुकडे नीट कापून लावलेले होते.

"ही पट्टीही चुकून लागली?"

मालविकाने मान खाली घातली.

म्हणजे ठरवून केलेलं काम. वासुदेवला एकदम चार कारणं सुचली आणि चारही वाईट होती. पहिली दोन वर्षं नाना तिच्या हातचं पाणी घेत नसत, त्याचा डाव साधला. नाहीतर या घराचं जे काही नाव होतं, ते तिला नकोच होतं. रागाने त्याचे कान तापले. आणि त्या रागाखाली दुसरंच काहीतरी धडधडत होतं.

"पुसायच्या आधी पूर्ण ऐकलीस?"

"हो."

"दोन्ही बाजू?"

"हो, अण्णा."

"लाव," तो म्हणाला. "माझ्या बापाच्या आवाजावर तू काय भरून ठेवलंयस ते मला बघायचंय."

"राहू द्या ना."

"लाव म्हणतोय ना."

तिने टेपरेकॉर्डरची तार डब्याला जोडली आणि टीव्ही लावला. किंचाळी वाजत राहिली. भाजी करपल्याचा वास आला तशी गीता आत धावली. मग किंचाळी थांबली, मालविकाने एक कळ दाबली आणि पडद्यावर आकडे उमटू लागले.

१ २ २ १ १ २ ३ ३ २ १ १ २ ३

खालची ओळ आली.

२ ३ ३ २ २ ३ ४ ४ ३ २ २ ३ ४

वासुदेवचा अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवर फिरू लागला. पहिलं पद, दुसरं, मग उलट, मग सुलट, मग तिसऱ्याला घेऊन पुन्हा तसंच. लहानपणी नानांसमोर बसून तो क्रमपाठापर्यंत, घनाच्या अलीकडच्या पायरीपर्यंत, शिकला होता. पुढे बँकेची परीक्षा आली. पण कान कुठे जातात?

"हा घन आहे," तो म्हणाला.

"हो. तेच काम एकेक घर पुढे सरकून पुन्हा करायचं, हे बच्चे लोकांच्या डोक्यात शिरेना. पण पाठशाळेतला घन रोज त्यांच्या कानावर पडतो. म्हटलं, त्यानेच सांगावं. एकदम समजलं त्यांना."

"मग कॅसेटा कशाला हव्या होत्या?"

"प्रोग्राम बरोबर आहे का ते बघायला. पोथी उघडून पदांना नंबर दिले आणि नानांच्या आवाजाशी ताडून बघितले. पहिल्या तीन कॅसेटा तंतोतंत जुळल्या. चौथीत एका जागी जुळेना. मी माझा प्रोग्रामच तपासत बसले, अण्णा. सगळा खोडून पुन्हा लिहिला. माझंच चुकलं असणार ना. नानांचं चुकेल, हे डोक्यात तरी कसं यावं?"

पडद्यावर ओळी सरकत होत्या.

वासुदेव खुर्चीत बसला. ती दुपार त्याला पुसता आली नव्हती. रेकॉर्डच्या बटणापाशी तोच होता. नाना म्हणता म्हणता मागच्या पदावर गेले, तिथेच एक फेरा घेतला, आणि डोळे उघडून त्यांनी मुलाकडे पाहिलं. "बरोबर झालं ना रे?" उभ्या जन्मात त्यांनी हे कुणाला विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "हो, नाना." पुढे ती कॅसेट पुसायचा त्याला धीर झाला नाही, कारण आवाज बापाचा होता. आणि कुणाला ऐकवायचाही झाला नाही. आज अलमारी उघडल्यावर पहिल्या तीन कॅसेटांना हात न लावता त्याने चौथीच आधी का काढली, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

"विश्वजीतला सांगितलंस?"

"नाही."

"गीताला?"

"कुणालाच नाही. काका ऐकतील, मग सगळी काशी ऐकेल. मला ते बघवलं नसतं."

वासुदेवने तिच्याकडे पाहिलं. नाना तिचे कोणी नव्हते असंच तो इतकी वर्षं धरून चालला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. "टीव्ही बंद कर," तो म्हणाला, आणि जरा वेळाने, "चहा घेशील?" असंही.

सकाळी सुमंतकाका आले. ऐंशीच्या घरातले, पण गळा अजून खणखणीत. त्यांनी कॅसेटा एकेक करून पिशवीत ठेवल्या आणि चौथ्या जागी त्यांचा हात थबकला.

मालविका पाण्याचा पेला घेऊन आली होती. तिने पेला ठेवला आणि तोंड उघडलं. "काका, ती माझ्या हातून—"

"माझ्या हातून पुसली गेली," वासुदेव म्हणाला.

"तुझ्या?"

"घरात हे कॉम्प्युटरचं मशीन आहे ना. मी शिकतोय थोडं थोडं. त्यातलं काहीतरी उतरवायला गेलो त्या कॅसेटवर."

काकांनी कोपऱ्यातल्या गेमच्या डब्याकडे पाहिलं, मग वासुदेवच्या पिकल्या डोक्याकडे. इतका वेळ त्यांच्या चेहऱ्यावर हळहळ होती. ती गेली आणि तिथे दुसरं काही आलं. वासुदेवने ते लगेच ओळखलं, कारण बँकेच्या खिडकीतून तो लोकांकडे असाच पाहत असे.

"ढुंढिराजाचा आवाज," काका म्हणाले. "आयुष्यात ज्याचं एक पद चुकलं नाही. आणि तू तो खेळण्यापायी घालवलास. त्याचाच मुलगा ना रे तू?"

मालविका पदराचं टोक मुठीत धरून उभी होती.

"हो, काका," वासुदेव म्हणाला. "त्यांचाच."