जिन्याखालचा फोटो

लोकांच्या तक्रारी ऐकून घेणं हीसुद्धा नोकरी असू शकते, हे तिच्या आईला अजून पटलेलं नाही. "घरात कुणाचं एक अक्षर ऐकून घेत नाहीस, आणि तिथं पगार घेऊन ऐकतेस," असं आई येताजाता म्हणते. पण नोकरी होती ती तीच होती आणि त्या नोकरीला सातवं वर्ष लागलं होतं. फ्रिज गार होईना, वॉशिंग मशीन पाणी सोडेना, मेकॅनिक आला नाही, आला तो होतं तेही बिघडवून गेला. चौथ्या मजल्यावर कानाला हेडफोन लावून बसायचं, दिवसाला साठ-सत्तर माणसांच्या शिव्या खायच्या आणि प्रत्येकाला सांगायचं की झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. बिचारीनं जन्मात कुणाचा फ्रिज बिघडवला नव्हता.

गेल्या वर्षी फोनची घंटा वाजली की तिचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी तपासलं आणि फिरायला सांगितलं. दादानं, म्हणजे तिच्या मोठ्या भावानं, आपला जुना कॅमेरा तिच्या हातात ठेवला. "नुसती फिरलीस तर डोक्यात तेच घोळत राहील. काहीतरी बघत फिर," तो म्हणाला. दादाला फोटोतलं एकच कळत होतं: मनासारखा येत नसेल तर दोन पावलं मागे जायचं. तेवढ्या विद्येवर त्यानं घरातल्या तीन लग्नांचे फोटो काढले होते आणि तिन्ही लग्नांत माणसं मुंग्यांएवढी आली होती.

मग रोज दुपारी अर्ध्या तासाच्या सुट्टीत ती दहा मिनिटांत डबा उरकायची आणि कॅमेरा घेऊन खाली उतरायची. दोरीवरचे मोजे, बंद दुकानाचं गंजकं कुलूप, पायरीवर पसरलेलं कुत्रं, भिंतीला टेकवलेली तीन चाकांची सायकल. यातलं कुणीही तक्रार करत नव्हतं. कॅमेरा डोळ्याला लावला की हात आपोआप स्थिर व्हायचे, याचं तिला स्वतःलाच नवल वाटायचं. ऑफिसनं तिचं नाव फोटोबाई पाडलं. पाडेनात का.

ऑफिसच्या मागच्या अंगाला लोखंडी जिना होता, वर आग लागली तर उतरायला केलेला. आग काही लागली नव्हती, त्यामुळे त्याच्याकडे कुणी जिना म्हणून बघितलंही नव्हतं. त्याच्या खाली चेनवाले काका बसायचे. बॅगांच्या चेन, पर्सचे पट्टे, छत्रीच्या काड्या, असलं सगळं दुरुस्त करायचे. एक पेटी, एक बुटकं स्टूल आणि चौदा वर्षं. आख्ख्या ऑफिसच्या बॅगा त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या आणि माणसांना ते बॅगेवरूनच ओळखायचे. "ती तपकिरी बॅग आज फार घुश्शात होती," ते सांगायचे, आणि तिला बरोबर कळायचं की तिच्या शेजारच्या टेबलावरची बाई साहेबांशी भांडून आली आहे. सात वर्षांत तिला एवढं हसवणारं दुसरं कुणी त्या इमारतीत भेटलं नव्हतं.

त्यांनी तिला फक्त हातांचे फोटो काढू दिले. "तोंड नको ताई. तोंडात बघण्यासारखं काय आहे?" मग तिनं हात काढले. चिमटीत धरलेला चेनचा रनर, दोऱ्याला गाठ मारणारी बोटं, सुईनं घट्टे पडलेलं बोटावरचं कातडं. सगळे फोटो अगदी जवळून घेतलेले होते.

एका दुपारी मात्र ऊन जिन्याच्या फटींतून उतरलं होतं. काकांच्या अंगावर, पेटीवर, टांगलेल्या छत्र्यांवर उजेडाचे पट्टे पडले होते. काका मान खाली घालून कुणाच्यातरी बॅगेत गुंतले होते. तिनं जवळून काढून पाहिला, पण ते पट्टे काही मावेनात. म्हणून ती दोन पावलं मागे गेली. सगळंच आत आलं: जिना, काका, पेटी, छत्र्या आणि काकांच्या डोक्यावरची ती लाल पाटी, जिच्या खिळ्याला त्यांची पिशवी लटकत होती. पाटीवर "आपत्कालीन मार्ग, मोकळा ठेवावा" असं लिहिलेलं होतं. तिनं ते वाचलं नाही. तिला फक्त तो लाल रंग आवडला.

त्याच महिन्यात ऑफिसनं ताणमुक्ती सप्ताह काढला. वर्षभर ताण देणाऱ्यांना एक आठवडा तो घालवायची हुक्की आली. सोमवारी हसण्याचा वर्ग, मंगळवारी फळं आणि बुधवारपासून कर्मचाऱ्यांच्या फोटोंची स्पर्धा आणि प्रदर्शन. तिचा जिन्याखालचा फोटो पहिला आला. दारातून आत शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर तो हा एवढा मोठा करून लावला. तिला किती आनंद झाला म्हणून सांगू. कधी नव्हे ती त्या दिवशी ती लिफ्टमध्ये गुणगुणली. फोटोची एक छोटी प्रत तिनं काकांना नेऊन दिली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली, तोंड आलंय म्हणून लटकं रागावले आणि पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून टाकली.

पुढच्या आठवड्यात मुख्य कार्यालयातून सुरक्षा अधिकारी तपासणीला आले. मऊ बोलणारे, चष्मा पुसत पुसत ऐकणारे गृहस्थ. ते फोटोसमोर थांबले आणि फोटो काढणारीला बोलावणं गेलं.

"सुंदर आहे हो. उजेड काय पकडलाय तुम्ही. हे कुठलं?"

"इथलंच आहे सर. आपला मागचा जिना," ती म्हणाली. वर आणखी विचारलंही नव्हतं ते सांगितलं: "चौदा वर्षं बसतात ते काका तिथं."

"असं का," ते म्हणाले आणि त्यांनी मोबाइल काढून त्या फोटोचा फोटो घेतला.

नोटीस गुरुवारी आली. सोमवार सकाळपर्यंत जिन्याखालची जागा रिकामी करावी. ती फाटकावरच्या पहारेकऱ्यानं आणून दिली, त्यामुळे काकांचा राग त्याच्यावर निघाला. दुपारी ती खाली गेली तेव्हा त्यांच्या हातात काम नव्हतं. इतक्या दिवसांत हे तिनं पहिल्यांदा पाहिलं.

"चहाडी केली कुणीतरी," ते म्हणाले. "नाहीतर चौदा वर्षं कुणाला दिसलो नाही तो आजच कसा दिसलो? तुम्ही आतल्या आहात ताई. साहेबांच्या कानावर घाला ना जरा."

"घालते," ती म्हणाली. फोटोचं सांगायचं टाळून ती तशीच वर गेली.

इमारतीची व्यवस्था बघणारे साहेब वाईट माणूस नव्हते, हीच तर पंचाईत होती. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मला काय माहीत नव्हतं का? माझी छत्रीसुद्धा त्यांनीच दुरुस्त केलीय," ते म्हणाले. "मी तिकडे बघत नव्हतो, एवढंच. आता वरून लेखी आलंय. आता न बघून कसं चालेल?"

"तो फोटो मी उतरवते सर."

"उतरवा की. अहवालाला जोडलाय तो."

"मग त्यांना फाटकाशी तरी बसू द्या."

"फाटकाबाहेरचा रस्ता आपला नाही. तिथं मी कोण सांगणारा?" साहेबांनी कपाळावरून हात फिरवला. "आणि खरं सांगा, उद्या वर आग लागली तर त्या जिन्यानं कोण उतरणार? तुमचा मजला कुठला?"

"चौथा."

ती खुर्चीतून उठली. रोज साठ-सत्तर माणसांना ती जे ऐकवायची, ते आज तिला कुणीतरी नीट, प्रेमानं ऐकवलं होतं आणि त्यात एक शब्दही खोटा नव्हता. घरी जाताना तिला रस्त्यात रडू आलं. दादाला फोन केला तर तो म्हणाला, "तू मुद्दाम केलंस का?" नाही, म्हणाली. "मग झालं तर." पण काही झालं नव्हतं. काकांना तर सांगायचं राहिलंच होतं.

शुक्रवारी ती डबा न उघडताच खाली गेली. कॅमेरा वर ठेवला. काका सामान लावत होते, रनर एका डब्यात, काड्या एका जुडीत. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. फोटो, पाटी, चष्मेवाले अधिकारी, आपण होऊन सांगितलेली ती चौदा वर्षं. काका शेवटपर्यंत ऐकत होते. ते ओरडतील अशी तिनं तयारी केली होती. ओरडणं तिला सवयीचं होतं.

"म्हणजे चहाडी कुणी केलीच नाही," ते हळूच म्हणाले.

"नाही काका. मीच."

"अहो, तुम्ही फोटो काढलात. त्याला काय करायचं?" त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. चेहरा एकदम उतरला. "मी त्या फाटकावरच्याला काल नाही नाही ते बोललो. त्याच्या पोराबाळांपर्यंत गेलो. सकाळपासून तो माझ्याकडे बघत नाही. इतकी वर्षं एका ताटलीत जेवलो आम्ही." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "जरा पेटीजवळ बसा ताई. त्याची माफी मागून येतो. जाता जाता एवढं तरी."

ते गेले. ती त्यांच्या स्टुलावर बसली. तिथून फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला आणि बॅगाच दिसत होत्या. त्यातली एक तपकिरी बॅग तिच्यासमोर येऊन थांबली. तिच्या शेजारच्या टेबलावरची बाई होती.

"अगंबाई, फोटोबाई, तू बसलीस होय दुकानावर," ती हसत म्हणाली. "काकांना म्हणावं, मधल्या कप्प्याची चेन अडकतेय. घाई नाही काही. सोमवारी नेते."

नोटिशीचं त्या बाईला कुणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? फोटोबाईनं तोंड उघडलं, पण बाई बॅग तिच्या मांडीवर टाकून वळलीसुद्धा. हाक मारावी तर काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची? पहिलं वाक्य स्वतःबद्दलचंच असणार, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

सुट्टी संपली. मोबाइल वाजला, वरून विचारत होते, बाई कुठे आहात, नऊ कॉल थांबलेत. तिनं फाटकाकडे पाहिलं. काका पहारेकऱ्यासमोर हात जोडून उभे होते आणि तो पाठ फिरवून रस्त्याकडे बघत होता. उठावं तर पेटी उघडी होती, बसावं तर नोकरी वर होती. मांडीवरच्या बॅगेची चेन तिनं एकदा ओढून बघितली. ती हलली नाही.