मनकर्णाची साक्ष

दिव्यानी तापातून उठली, तेव्हाच मनकर्णानं ठरवून टाकलं. या रविवारी साक्ष द्यायची.

मुलचेऱ्याकडच्या त्या गावात टिनाच्या शेडात प्रार्थना होते. ज्याच्यावर देवाची कृपा झाली त्यानं उभं राहून सगळ्यांना सांगायचं, ही तिथली रीत. मनकर्णा इतकी वर्षं दुसऱ्यांचंच ऐकत आलेली. आता तिची पोरगी उठली होती. मेंदूचा मलेरिया. सुया, सलाईन, सगळं झालं आणि डॉक्टरनं हात टेकले. मग इसरू पास्टर आला, पोरीचा हात धरून बसला. सकाळी पोरीनं पेज मागितली.

शनिवारी मनकर्णा इसरूकडे गेली. तो सायकलचं पंक्चर काढत होता.

"भाऊ, उद्या मी साक्ष देतो."

"नोको देऊ, बाई."

"काऊन? पोचूची गाय सापडली तं तो अर्धा घंटा बोलला! माही पोरगी गायीहून कमी हाय का?"

इसरू हसला नाही. "येशूनं बी एक मेलेली पोरगी उठवली होती. अन् मायबापाले बजावलं, कोणाले सांगू नका."

"पण काऊन?"

"शास्त्रात नाई लिवलं. शिकलेले लोक म्हणतात, गर्दी होईल, वैरी जागे होतील म्हणून. मले वाटते, त्याच गल्लीत अजून कोणाचं लेकरू गेलं असंल."

मनकर्णा समजली. शेजारच्या वच्छलाचा कुलदीप. तोच ताप, तोच आठवडा. इसरूनं त्याचाही हात धरला होता. तो नाही उठला.

तिला रागच आला. वच्छलाचं दुःख खरं, मग माझा आनंद काय चोरीचा माल आहे?

रविवारी तिनं दिव्यानीला नवा फ्रॉक घातला. शेडात जाऊन बसली, आणि बाजूलाच वच्छला येऊन टेकली. पोराला माती दिल्यापासून पहिल्यांदाच आली होती. गळा पार बसलेला.

"मनकर्णा, एक विचारू वं? तू काय म्हणून मागतलं होतं देवाले? मी कोणता शब्द चुकलो?"

मनकर्णा घाईनं म्हणाली, "मी काईच नाई म्हटलं वं. दवाई लागू पडली."

"तेच सलाईन त्याले बी होतं," वच्छला म्हणाली. आणि दिव्यानीच्या नव्या फ्रॉककडे बघत राहिली.

गाणं संपलं. इसरूनं विचारलं, "साक्ष कोणाची हाय?" मनकर्णाकडे त्यानं पाह्यलंच नाही.

दिव्यानीनं कोपर मारलं. "माय, ऊठ ना. तू देणार होती ना?"

"चूप बस."

कोणीच उठेना. शेवटी पोचू उभा राहिला आणि परत गायीचंच सांगू लागला. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, किती खेपा सापडते तुही गाय?" लोक हसले.

वच्छला गायीची साक्ष शेवटपर्यंत ऐकत राहिली. तेवढंच ऐकणं तिला सोसत होतं. मनकर्णानं पोरीला जवळ ओढलं, आणि नव्या फ्रॉकवर पदर टाकला.