श्रीरंग पुलावर थांबतो

माउसच्या डाव्या बटणावर खळगा पडला होता, बोटाच्या पेराएवढा, गुळगुळीत – इतक्या वर्षांत हजारो वेळा दाबलेलं बटण, आणि आज ते दाबवत नव्हतं. पडद्यावर ऑनलाइन गेमच्या कंपनीला पाठवायची तक्रार तयार होती. वाळूजच्या कारखान्यात सुट्या भागांतले दोष लिहितो तशीच विश्वजितनं ती लिहिली होती: 'खेळाडू काही दिवस आला नाही, की त्याचं पात्र त्याच्या जुन्या सवयी उचलून आपोआप खेळू लागतं. ही नवी सोय काढून टाकावी.' एकही शब्द जास्तीचा नाही. खाली 'पाठवा'.

फोन वाजला. पैठणचा ऋतुराज, सुरुवातीपासून सोबत खेळणारा.

"विशूभाऊ, तुमचंच राह्यलंय बघा. बाकी समद्या जुन्यांनी तक्रार टाकली."

"टाकतो."

"कंपनी जुन्यांचं ऐकती, मागं ऐकलंच की. आपण नाय बोलायचं तं कोण बोलनार? मी आठवडाभर कापसात, आन् माझ्या पात्रानं माझी ढाल फुकट वाटून टाकली राव! बायको म्हनली, अगदी तुमच्यावर गेलंय."

विश्वजित हसला. फोन ठेवल्यावरही हसू तोंडावर तसंच राहिलं, उतरवायचं विसरल्यासारखं.

ऋतुराजला पुलावरचं ठाऊक नव्हतं. गेममधल्या त्या जुन्या पुलाकडं आता कुणी फिरकत नाही. श्रीरंग – गारखेड्यातला, शाळेपासूनचा – दोन वर्षांपूर्वी हृदय बंद पडून गेला. त्याचं खातं कुणी बंद केलं नाही, आणि ही सोय आली तसं त्याचं पात्र उठून चालायला लागलं. पुलावर येऊन थांबायचं, विश्वजित दिसला की दोनदा उडी मारायची, मग मुद्दाम चुकीच्या वाटेनं पळत सुटायचं – यानं शिव्या देत मागं यावं म्हणून. पहिल्या दिवशी विश्वजितनं घाबरून गेमच बंद केला होता. दुसऱ्या दिवशी तो कारखान्यातून कुठंही न थांबता घरी आला होता.

दोष तो दोषच... पाठवली तर सोय जाईल, आणि श्रीरंग पुन्हा... ज्या हातांनी मी त्याला खांदा दिला – हातांनी नाही, खांदा खांद्यानंच देतात – त्याच हातांनी आता हे.

"अहो, जेवायला या." चारुता दारात उभी होती. तिनं पडद्याकडं पाहिलं. "नाही आवडत तर सोडा की खेळणं. तक्रारी कसल्या करता?"

"इतकी वर्षं दिलीत त्याला."

"त्यानं मागितली होती?"

ती गेली. एकदा बघून घेऊ, मग ठरवू, म्हणून त्यानं गेम उघडला. शिफ्टच्या धावपळीत आठवडाभर उघडलाच नव्हता. मागच्या वेळी बंद करताना आपलं पात्र त्यानं बाजारपेठेत सोडलं होतं. आता ते पुलावर होतं, श्रीरंगच्या शेजारी.

साहजिकच. माझ्याही सवयी उचलल्या असणार.

ताबा मिळायला क्षणभर लागतो. तेवढ्यात श्रीरंगनं दोनदा उडी मारली... आणि विश्वजितच्या पात्रानंही मारली. दोनदा. ही सवय त्याची नव्हती; त्यानं श्रीरंगला कधी उडीनं उत्तर दिलं नव्हतं, नुसत्या शिव्या दिल्या होत्या. मग दोघं मिळून चुकीच्या वाटेकडं वळले – आणि ताबा विश्वजितकडं आला.

त्याचं पात्र जागच्या जागी थिजलं. श्रीरंग दोन पावलं पुढं जाऊन थांबला, वळला, बघत राहिला. विश्वजितनं उडी मारली. घाईत, एकदा, पुन्हा एकदा. श्रीरंग हलला नाही. थोड्या वेळानं तो कठड्याकडं सरकला, एसटीत अनोळखी माणसाला जागा करून द्यावी तसा.

विश्वजितनं गेम बंद केला. स्वयंपाकघरात ताट मांडल्याचा आवाज आला. आपण इथं बसलोय, जेवू, उद्या कामावर जाऊ... चार-दोन दिवसांत ते दोघं त्या वाटेनं निघतील. आपली आठवणसुद्धा न काढता. तक्रार अजून समोर होती. ती पाठवली तर श्रीरंग जाईल, हे मघापासून छातीवर बसलेलं ओझं कुठंच सापडेना. दोघांनाही जागच्या जागी थांबवता येईल, एवढाच विचार आला, आणि त्या विचारानं त्याला आज पहिल्यांदा बरं वाटलं. त्या बरं वाटण्याकडं तो भीतीनं बघत राहिला.