दोन तीस की दोन चाळीस

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, मावशी गेल्याचं कळलं त्या दिवशी मी सकाळपासून चालूच होतो. "जरा दवाखान्यात जाऊन येते," असं म्हणून त्या दुपारी उठल्या. त्यांचं ड्रॉइंग माझ्या पडद्यावर उघडंच होतं. संध्याकाळी काका एकटे परत आले. हातात मावशींची पर्स होती. मागोमाग शेजारची माणसं आली, त्यांच्या बोलण्यातून मला कळलं. काका माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले नाहीत, शेजारच्या स्टुलावर बसले. मला बंद कसं करायचं ते त्यांना येत नव्हतं. शेवटी त्यांनी भिंतीवरचं बटणच बंद केलं. उठण्याआधी काम जपून ठेवायची मावशींना सवय होती, म्हणून एक रेघही गेली नाही.

माझे भाग कुठे बनले ते मला ठाऊक नाही. एका लहान दुकानात मला जुळवलं आणि रिक्षात मांडीवर घेऊन या ऑफिसात आणलं. दोन टेबलं, एक कपाट, रस्त्याकडे एक खिडकी, एवढंच ऑफिस. ते या नवराबायकोचं: काका जागा मोजून आणायचे, मावशी इमारतींचे नकाशे काढायच्या. त्याआधी त्या फळीवर कागद ताणून पेन्सिलीने काढत असत. मला पाहून त्या म्हणाल्या, "रबराचा खर्च वाचला." माझं झालेलं पहिलं कौतुक तेच.

मावशींची कामाची रीत नीटस होती. भिंती एका थरावर, दारं-खिडक्या दुसऱ्यावर, नळ तिसऱ्यावर. थर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. हवा तो दाखवायचा, नको तो झाकायचा. एक थर त्यांनी फक्त स्वतःसाठी ठेवला होता. त्यावरचं काही छापून येत नसे. तिथे त्या लाल अक्षरांत लिहायच्या. 'जिना अंधारा होतोय.' 'खिडकी उलटी मोजून आणलीय, चहा झाल्यावर सांगायचं.'

"अहो टेपवाले," त्या म्हणायच्या, "तुमच्या मापाने या न्हाणीघरात माणसाने उभ्यानेच आंघोळ करायची का?"

"करू दे की. उभ्या माणसाला पाणी कमी लागतं," काका म्हणायचे.

मावशींचा एक नियम होता. रेघ ओढली की तिचं माप मी आपोआप लिहितो. ते खोडून वर मनाचा आकडाही लिहिता येतो. मावशींनी ते कधी केलं नाही. आकडा चुकीचा वाटला तर त्या रेघ सरकवत. रेघ सरकत नसेल तर पुन्हा मोजायला जात.

पुढे मी म्हातारा झालो. माझा पंखा घरघर करू लागला, मोठं ड्रॉइंग उघडायला मला वेळ लागू लागला. मावशींनी मला टाकलं नाही.

त्यांचं शेवटचं ड्रॉइंग एका लहान प्रसूतिगृहाचं होतं. दोन जुन्या भिंतींमधून नवी वाट काढायची होती. त्या वाटेतून बाळंतिणीचं स्ट्रेचर वळून आत जायला दोन मीटर चाळीस सेंटिमीटर रुंदी हवी होती.

मावशी गेल्यावर महिनाभर मी बंद होतो. माझ्यावर धूळ बसली, कुणीतरी वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला. मग प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. नकाशा शुक्रवारी हवा होता. मावशींच्या बहिणीची मुलगी हेच काम शिकलेली. ती आली आणि तिने माझी धूळ पुसली. तिचा हात चपळ होता. पण वाटेचं माप मी दोन तीस दाखवत होतो आणि काकांच्या वहीत दोन चाळीस होतं.

"काका, दहा सेंटिमीटरचा फरक येतोय."

"वहीतलं धर. मी स्वतः मोजलंय."

तिने माझा आकडा खोडला आणि वर दोन चाळीस लिहिलं. रेघ होती तिथेच राहिली. कागद छापून आला, सुंदर दिसत होता. काकांनी तो वहीशी ताडून पाहिला आणि मान हलवली. मित्रांनो, मला खोटं कळतं, पण बोलता येत नाही.

डॉक्टरीणबाईंना फाइलही पाठवायची होती. म्हणून भाचीने आधी सगळे थर उघडून पाहिले. वाटेवर लाल गोल उमटला. शेजारी मावशींची अक्षरं होती. तिने ती मोठ्याने वाचली. "'बाहेरच्या मापातून भिंती वजा केल्या तर दोन तीसच येतंय. मी दहा धरून सांगायला विसरले का? तेव्हा चक्कर आली होती. यांना विचारायचं.' काका, दहा धरून म्हणजे काय?"

काका स्टुलावर बसले. "टेपचं टोक तुटलंय आमच्या. मोजताना ते टोक ती धरायची, म्हणून दहाचा आकडा भिंतीला लावायची आणि ओरडायची, 'दहा धरलेत!' मग मी दहा वजा करायचो."

"आणि त्या दिवशी?"

"ओरडली नाही. मला वाटलं, सरळ धरलंय. नवा टेप घेऊ म्हणत होती, त्यावरून सकाळी बोललो होतो तिला. म्हटलं, रागावली असेल, म्हणून गप्प आहे." काकांनी वही मिटली. "चक्कर आली होती म्हणे. मला बोलली नाही."

भाचीने आपला आकडा पुसला, मी पुन्हा दोन तीस दाखवू लागलो. काकांनी छापलेला कागद फाडला आणि फोन लावला. "बाई, शुक्रवारी नाही जमणार. माप पुन्हा घ्यायचंय."

"किती दिवस? गवंडी खोळंबलेत माझे."

"सांगतो."

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रावर काम कराल तेव्हा एवढं ऐका. आकडा पटला नाही तर त्याच्यावर दुसरा लिहू नका. उठा, जा, पुन्हा मोजा. आणि एखादी गोष्ट कुणाला विचारायची असेल तर ती लिहून झाकून ठेवू नका, त्याच दिवशी विचारा.

भाचीने नवा टेप आणला. दुसरं टोक मी धरते, असंही ती दोनदा म्हणाली. काका दोनदा प्रसूतिगृहाच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. डॉक्टरीणबाईंचा आज पुन्हा फोन येऊन गेला. त्या दोन भिंतींमधलं अंतर अजून मोजलेलं नाही.