आधी पिन टाका

आमच्या चिरंजीवांना कॉलेजात कॉम्प्युटर हा विषय आहे. धंद्याचं शिक्षण घेणाऱ्या पोराला हार्डवेअर, सॉफ्टवेअर आणि मोबाइलच्या पोटात काय असतं हे कशाला शिकवतात, ते मला आजवर कळलेलं नाही. पण त्याला त्यात पैकीच्या पैकी मिळाले आणि तेव्हापासून हे त्याला 'प्रोफेसर' म्हणायला लागले. रिमोट चालेना की बोलवा प्रोफेसरला. त्या दिवशी हॉस्पिटलात ह्यांचा फोन त्याच्याच हातात गेला.

सकाळी दुकान उघडताना शटर अर्ध्यावर असतानाच हे कोसळले. चपलांचं दुकान आहे आमचं. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांना सगळं समजतंय. शब्दही आत आहेत, पण बाहेर यायची वाट बंद झालीय. डोक्यात रक्त साठलंय, दुपारी ऑपरेशन करायलाच हवं." पुढचं त्या हळू बोलल्या. नंतर शुद्ध येईल का, आली तर माणसं ओळखतील का, काही सांगता येत नव्हतं.

आणि हे डाव्या हाताने सारखा उशाजवळचा फोन दाखवत होते. मला विचारावं लागलं नाही. त्यांना लेकीचा आवाज ऐकायचा होता.

लग्न आठवड्यावर आलं असताना ते मोडून पोरगी निघून गेली, तेव्हा दारात उभी राहून मी तिला म्हटलं होतं, तू आम्हाला मेलीस. तिचा नंबर मी त्याच दिवशी पुसला. पुढे तिने तो बदललाही. नवा नंबर धाकट्याला दिला नाही, कारण प्रोफेसरच्या पोटात तीळ भिजत नाही हे तिला ठाऊक. पण ह्यांच्याशी ती बोलते हे मला कळत होतं. दुपारी जेवून मी आडवी झाले की हे गॅलरीत जायचे आणि फोनवर नुसतं 'हं, हं' करायचे. मी डोळे मिटून पडलेली. आधी चीड यायची. मग फोन संपला की वाटायचं, मेलं अजून थोडं बोलले असते तर काय बिघडलं असतं.

तर तो नंबर जगात त्या एका फोनमध्ये, आणि फोन उघडतो ह्यांच्या उजव्या अंगठ्याने. मी तो जड, गार अंगठा उचलून टेकवला. फोन सकाळी ह्यांच्यासोबतच आपटला होता, स्क्रीन जागची हलेना.

"थांब आई, हँग झालाय," प्रोफेसर म्हणाले. "अशा वेळी आधी रीस्टार्ट करायचा. पहिल्याच धड्यात आहे."

केला रीस्टार्ट. फोन छान सुरू झाला. मी पुन्हा अंगठा टेकवला, तर म्हणतो, आधी पिन टाका.

पोराचा चेहरा उतरला. "रीस्टार्ट केल्यावर पहिल्यांदा पिनच लागतो, आई. अंगठा चालत नाही. मला माहीत होतं. माझ्या लक्षातच आलं नाही."

"अंगठा त्यांचा, फोन त्यांचा, आणि चालत नाही म्हणजे?"

"हार्डवेअर ठीक आहे गं. अंगठा ओळखणारा भाग चालू आहे. पण आतला डेटा कुलपात आहे, आणि पिन मिळाल्याशिवाय सिस्टीम ते काढतच नाही."

"आग लागो तुझ्या धड्याला," मी म्हटलं. वॉर्डातल्या सगळ्यांनी वळून बघितलं. बघू देत.

पिन एकालाच माहीत. मी फोन ह्यांच्या डाव्या हातात दिला. ह्यांनी आकड्यांकडे बघितलं, बोट सातावर नेलं, मागे घेतलं, पुन्हा सातावरच नेलं. हिशेब तोंडी करणारा माणूस. पाय बघून बुटाचा नंबर सांगायचा. त्यांना सात कुठला आणि चार कुठला तेच कळेना. चुकले, पुन्हा चुकले. फोनने सांगितलं, आता थोडं थांबा. थांबून पुन्हा टाकला, तर आणखी जास्त वेळ थांबा म्हणाला. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तोंडातून नुसता 'अं' असा आवाज. मी फोन काढून घेतला. त्यांचे हाल मला बघवेनात.

पोरगा आलेल्या कॉलची यादी मागायला सिमच्या कंपनीच्या दुकानात धावत गेला. ते म्हणाले, ज्याच्या नावावर सिम आहे त्यालाच घेऊन या. तिथून येऊन त्याने ह्यांचं सिम काढलं आणि माझ्या फोनमध्ये घातलं. म्हणे पूर्वी माणसं सिममध्ये नंबर साठवायची. सिम रिकामं निघालं. सगळे नंबर फोनच्या मेमरीत.

"राहू दे मात्र तुझ्याच फोनमध्ये," तो म्हणाला. "कॉल सिमवर येतो. ताईने केला तर इथे वाजेल."

"आणि नाही केला तर?"

तो खाली मान घालून कॉटच्या लोखंडाला नख मारत बसला. त्याला आणखी झापावं असं मला फार वाटत होतं, पण पोरगा सकाळपासून नुसता धावत होता.

मग आम्ही तिघं त्या फोनकडे बघत बसलो. वाजला. कर्ज हवंय का. पुन्हा वाजला. एका गिऱ्हाईकाला बुटाचा सोल बदलून हवा होता, दुकान बंद का म्हणून मलाच झापत होता. मी त्याला काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. जेवणाची वेळ टळली. ह्यांचे केस कापून झाले, हिरवा गाऊन चढवला. न्यायला माणसं आली, कॉटची चाकं मोकळी केली, आणि फोन वाजला. नुसताच नंबर, नाव नाही.

माझा आवाज ऐकला तर ती ठेवून देईल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. स्पीकर लावला आणि फोन ह्यांच्या कानाशी धरला.

"बाबा?"

ह्यांनी डोळे मोठे केले. सगळा जीव एकवटून म्हणाले, "हं."

"आई जवळ आहे वाटतं," ती हसली. "बरं, मग नुसतं ऐका. मी ठीक आहे. घर बदललं, इथे खिडकीत ऊन येतं. काल तुम्ही पाठवलेले सँडल घातले, अगदी मापाचे झाले. न बघता कसं जमतं तुम्हाला?"

"हं," हे म्हणाले. 'हं' तेवढं राहिलं होतं त्यांच्याजवळ, आणि तिला तेवढंच सवयीचं. तिला काही म्हणता काही कळलं नाही. ती बोलत राहिली, ऑफिसातलं, शेजारणीचं, काहीबाही. न्यायला आलेला माणूस घड्याळाकडे बघत होता, पण तोही थांबला. मी फोन धरून उभी. ओठ दातांखाली. मी एक शब्द बोलले असते तर ह्यांचं ऐकणं संपलं असतं.

"ठेवते बाबा, नाहीतर आई उगाच तुमच्यावर डाफरेल. ती गेली की करा फोन."

फोन बंद झाला. ह्यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला, तसाच ठेवला, आणि माणसांनी कॉट ढकलली. दाराशी तो हात सोडवावा लागला. दार लागलं.

"आई, नंबर आलाय," पोरगा म्हणाला. "मी लावू का?"

"नको. दे इकडे."

मी लावला. एकाच रिंगमध्ये उचलला तिने.

"बोला बाबा. गेली का आई?"

"नाही गं," मी म्हटलं. "ठेवू नकोस."