लवणसरांचा ठोका

गुडघ्याच्या मागच्या बाजूला जो खळगा असतो, त्याला लवण म्हणतात. बहुतेक माणसं जन्मभर स्वतःची लवण पाहत नाहीत आणि त्यावाचून त्यांचं काही अडत नाही. या गोष्टीतल्या सरांचं मात्र सगळं आयुष्य त्या खळग्यावर उभं होतं. मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवणाऱ्या विभागाचे ते प्रमुख, आणि पोरं त्यांना पाठीमागे लवणसर म्हणत. ही टिंगल आहे हे सरांच्या लक्षात आलं नव्हतं. ते याला पदवी समजत.

वर्षातून एकदा त्यांचं लवणेवर व्याख्यान व्हायचं. त्या दिवशी इस्त्रीचा कोट आणि नवे रंगीत खडू. फळ्यावर ते पत्त्यांतल्या चौकटीसारखा आकार एका झटक्यात काढत. वरच्या दोन बाजू मांडीच्या स्नायूंच्या, खालच्या दोन पोटरीच्या. मग आत पिवळ्या खडूने मज्जातंतू, तो सगळ्यांत वरवर. त्याच्या खाली निळी शीर. आणि सगळ्यांत खोल, हाडाला बिलगून, लाल धमनी.

"घरात किमती वस्तू कुठे ठेवतात?" सर विचारत. "तळाशी. निसर्ग तुमच्या आईइतकाच हुशार आहे."

इथे वर्ग हसायचा, कारण इथे हसायचं असतं हे वरच्या वर्गातल्या पोरांनी आधीच सांगून ठेवलेलं असायचं.

आता धमनी इतकी तळाशी दडलेली, म्हणजे तिचा ठोका बोटांना लागणं महाकठीण. मनगटाची नाडी शेजारचे काकाही बघतात. लवणेतला ठोका हवा असेल तर गुडघा थोडा वाकवायचा, दोन्ही हातांची बोटं मागून खोल दाबायची आणि धीर धरायचा. सरांनी विद्यार्थी असताना हा धीर धरला नव्हता. परीक्षेत त्यांच्या बोटांना काडीचंही काही लागलं नाही, तरी ते म्हणाले, "लागला, सर," आणि त्यांचे सर म्हणाले, "शाब्बास." त्या सरांना तरी कधी लागला होता की नाही, देव जाणे. पुढे सरांच्या वाट्याला आले ते टेबलावरचे, औषधात मुरलेले पाय. मेलेल्या पायात ठोका शोधावा लागत नाही. कातडी बाजूला केली की धमनी आपली समोर. त्यामुळे सरांची झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली, आणि त्यांच्या परीक्षेत तेच दोन शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. "लागला का?" "लागला, सर." "शाब्बास." या संभाषणावर पास झालेले डॉक्टर आता गावभर पाट्या लावून बसले होते.

त्या वर्षी सरांचा उजवा पाय कुरकुरायला लागला. चार पावलं चाललं की पोटरीत पेटका यायचा, उभं राहिलं की जायचा. सरांनी दोष नव्या बुटांना दिला. बूट बदलले, पेटका तोच. मग त्यांनी चालताना मध्येच दुकानांसमोर थांबायची सवय लावून घेतली. विभागप्रमुख कुकरच्या दुकानाबाहेर उभे राहून शिट्ट्या निरखताना दिसले की लोकांना वाटायचं, निवृत्ती जवळ आली, माणूस संसारात लक्ष घालतोय. घरी बायको म्हणाली, "अहो, एखाद्या डॉक्टरला दाखवा."

"मी कोण आहे मग?" सर म्हणाले.

"तुम्ही मेलेल्यांचे," बायको म्हणाली आणि भाजी निवडू लागली.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी टेबलावर झोपायला विभागाचा शिपाई असायचा. काटकुळे पाय, तक्रार नाही, आणि पोरं बोटं खुपसत असताना तो छान घोरायचा. नेमका त्या दिवशी तो आजारी पडला. बाहेरगावचे परीक्षक येऊन बसलेले. ते सरांचे वर्गमित्र, आणि जेवायची घाई त्यांना तेव्हाही असायची. सरांनी विजारीचा उजवा पाय गुडघ्याच्या वर सरकवला आणि टेबलावर चढले. "माझा पाय घ्या. लवण असावी तर अशी."

पोरं एकेक करून आली. विभागप्रमुखांच्या पायावर जास्त वेळ हात ठेवायची कुणाची छाती नव्हती. कुणी बोटं ठेवली न ठेवली तोच म्हणालं, "लागला, सर." एकाने तर "फार जोरदार लागला" असं सांगून टाकलं. सर डोळे मिटून ऐकत होते. त्यांना बरं वाटत होतं. महिनाभर मनात एक किडा वळवळत होता, तो या कौतुकाने जरा गप्प झाला.

मग चष्मेवाली आली. वर्गात कधी तोंड न उघडणारी, शेवटच्या बाकावरची मुलगी. तिने गुडघा वाकवला, बोटं खोल रुतवली आणि थांबली. इतकी थांबली की परीक्षकांनी घड्याळ पाहिलं.

"लागला का?" सरांनी विचारलं.

"नाही, सर."

"नीट बघ."

तिने पुन्हा पाहिलं. मग विचारून विजारीचा डावा पायही वर केला आणि तिथेही पाहिलं. "डाव्या पायात लागतो, सर. उजव्यात लागत नाही. आणि उजवं पाऊल गार आहे."

"अरे, बघ रे जरा," सर परीक्षकांना म्हणाले. परीक्षक उठले, दोन बोटं टेकवली आणि म्हणाले, "लागतोय की. घोड्यासारखा उडतोय."

"ऐकलंस?" सर मुलीला म्हणाले. "सगळ्यांना सापडला, तो काय फक्त तुझ्यापासून लपून बसला?" आणि त्यांनी तिला नापास केलं. रागाने नव्हे हं, तत्त्वाने. निदान दोघांनी जेवताना एकमेकांना तसं सांगितलं.

घरी आल्यावर मात्र त्यांचा हात सारखा पावलाकडे जायला लागला. पाऊल गार होतं. डावं कोमट, उजवं गार. त्यांनी दार लावून घेतलं, वाकून स्वतःच्या लवणेत बोटं घातली आणि ठोका शोधला. लागला नाही. म्हणून डाव्या पायात शोधला. तिथेही लागला नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन बायकोच्या पायात शोधला.

"अहो, हे काय वयाला शोभतं का?" ती म्हणाली.

तिच्या पायातही लागला नाही. आता एक तर घरात एकही पाय धड नव्हता, किंवा सरांना तो ठोका ओळखताच येत नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आयुष्यात पहिल्यांदा सरांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त भीती वाटली.

जावई डॉक्टर होता, म्हणजे अर्थात सरांचाच विद्यार्थी. रविवारी जेवायला आला तेव्हा सरांनी सहज आठवल्यासारखं करून पाय पुढे केला. जावयाने विजारीवरूनच हात फिरवला. "उत्तम आहे, सर." लग्नाला सहा वर्षं झाली तरी तो सासऱ्याला सरच म्हणायचा.

सर्जनकडे जायचं, तर चष्मेवाली खरी ठरणार. न जायचं, तर रक्तावाचून पाय जाणार. सर असे मधल्यामध्ये अडकून बसले, आणि तोवर उजव्या अंगठ्याचा रंग बदलला. तो निळसर दिसू लागला. बायकोने तो पाहिला आणि ती पहिल्यांदाच काही टोमणा न मारता गप्प राहिली. त्या गप्प बसण्याने सर हादरले. त्यांनी विभागात फोन करून चष्मेवालीला निरोप पाठवला.

ती आली. पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीच्या टोकाशी बसली. सरांनी पलंगावर पाय लांब केला.

"बघ बरं," ते म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. असा आवाज त्यांच्या घरात कुणी ऐकला नव्हता. "अगदी निवांत बघ. घाई नाही."

तिने बोटं टेकवली आणि लगेच उचलली.

"लागला, सर."

"डावा नाही. उजवा बघ."

"उजवाच बघितला, सर. उत्तम लागला."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. दोन बोटं, वरवर, क्षणभर. बाकीचे लावत तशीच. त्या दिवशी हीच मुलगी घामाघूम होईपर्यंत दोन्ही हातांनी शोधत होती. आता तिला जमलं होतं. इतकी वर्षं प्रत्येक वर्गाला त्यांनी शिकवलं होतं ते हेच.

"खरं सांग, बाळ," सर म्हणाले. "मी हात जोडतो."

मुलीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सर, माझी फेरपरीक्षा पंधरा दिवसांवर आहे," ती म्हणाली. "तुम्हीच घेणार आहात." आणि निळ्या अंगठ्याकडे एकदा पाहून तिने पिशवी उचलली.

उत्तर मिळालं होतं. बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिने कपाटातून गाडीची किल्ली काढली आणि सरांच्या पायात सपाता घातल्या.

"चला, आत्ताच सर्जनकडे जाऊ," ती म्हणाली. "फक्त सांगा, गावातला चांगला कोण? खरं बोलणारा."

सर पलंगाच्या कडेला बसून एकेक चेहरा आठवू लागले. चौकातला, पुलापलीकडचा, मोठ्या इस्पितळातला. सगळे त्यांनीच पास केले होते.