बुजवलेली भोकं

जुन्या गाडीत एसी बसवून देणारे गल्लोगल्ली सापडतात. तो एसी गार करून दाखवणारे मात्र शोधावे लागतात, आणि आपला एसीवाला त्यातला. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. कोणी म्हणालं, "जुनं धूड आहे, जमेल तेवढं करा," की याचं डोकं फिरलंच. "मग हातपंखा घ्या की. माझ्याकडे कशाला आलात?"

पण या वेळी ट्रक घरचा होता, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा. गोल नाकाचा, दाजींच्या वडिलांनी चालवलेला. ट्रकवर यांचा माझ्यापेक्षा जास्त जीव आहे, असं बहीण चारचौघांत सांगायची आणि दाजी नाही म्हणायचे नाहीत. त्यातला एसी नावाला होता, कोणी गरम दुधावर फुंकर मारावी इतकाच. मागच्या उन्हाळ्यात दाजींना स्टिअरिंगवरच चक्कर आली, ट्रक रस्त्याकडेच्या खड्ड्यात उतरला. तेव्हापासून बहिणीनं धोशा लावला होता. "दादा, तुझ्या हातात एवढी कला आहे आणि माझा माणूस उन्हात भाजतोय. काहीतरी कर रे."

त्यानं केलं. जीव ओतून केलं. नवा कॉम्प्रेसर घातला, इंजिनासमोर एसीची उष्णता बाहेर टाकणारी मोठी जाळी बसवली, तिच्यावर दोन पंखे लावले. पण त्याची खरी करामत पुढे होती. केबिनच्या काचांवर काळं कापड टाकून तो आत अंधारात बसायचा आणि खालून कोणीतरी दिवा फिरवायचा. जिथून उजेड आत येईल तिथं खडूची खूण. दिवा धरायला दाजीच होते, जमिनीवर उताणे पडून.

"किती भोकं निघाली, मेहुणे?"

"तुमच्या बनियनपेक्षा थोडी जास्त."

पॅडलच्या दांड्यांभोवती, गिअरच्या बुडाशी, वायरी जातात तिथं, गंजून फुटलेल्या पत्र्यात, सगळीकडे त्यानं रबर आणि पुट्टी ठासली, वर जाड गादी अंथरली. बाहेरची हवा आत घेणारी झडप होती, तीही कायमची आवळून टाकली. बाहेरची ऊन हवा आत घेऊन पुन्हा पुन्हा गार करत बसायचं, हा त्याच्या मते शुद्ध बावळटपणा.

खालून नळी ओढताना धुराच्या पाइपाच्या सांध्याभोवती काजळी दिसली होती. पण पाइप हे शेजारच्या पाइपवाल्याचं खातं. गॅरेजांच्या त्या रांगेत एक पक्की शिस्त होती, दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. त्याला सांगू, असं मनाशी म्हणत हा पुढच्या कामाला लागला आणि कामाच्या नादात ते राहून गेलं.

दाजी ट्रक घेऊन निघाले तेव्हा दात वाजवून दाखवत होते. "मेहुणे, एक स्वेटर पण द्या." एसीवाला त्या दिवशी कुणावरही खेकसला नाही.

दोन दिवसांनी, दुपारी, पाइपवाला चहाचा ग्लास घेऊन येऊन टेकला. "तुझ्या दाजींना आठवण कर रे. सांधा पार गेलाय, धूर केबिनखालीच सुटतो. तुझ्याकडे ट्रक लावायच्या आधी मला दाखवला होता, एसी झाला की एक खेप करून येतो म्हणाले. मीही म्हटलं, घाई नाही. केबिनची चाळण झालीय, धूर आत शिरला तरी टिकतोय कुठं?"

एसीवाल्याच्या हातातला पाना तसाच राहिला. त्या भोकांनीच आजवर दाजींना जगवलं होतं, आणि तीच त्यानं एकेक शोधून बुजवली होती. त्यानं दाजींना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मग बहिणीला लावला.

"झोपलेत रे ते," ती म्हणाली. "नेहमीच्या गोदामाबाहेर रांगेत उभे आहेत. सकाळी डोकं जड झालंय म्हणत होते, मळमळतंय म्हणत होते. मीच म्हटलं, उन्हात फिरू नका, काचा लावा, एसी सुरू ठेवा आणि पडा जरा. नको उठवूस."

"फोन करत राहा त्यांना. थांबू नकोस."

"का? काय झालं? दादा?"

त्यानं फोन ठेवला. पाइपवाल्यानं गाडी काढली होती, हा धावत जाऊन बसला.

ट्रक रांगेतून बाजूला घेतलेला होता, इंजिन चालूच. गोदामाचा रखवालदार म्हणाला, "दोनदा काच वाजवली. इतकी गाढ झोप की म्हटलं, दमलाय बिचारा, झोपू दे." एसीवाल्यानं पान्यानं काच फोडली. आतून थंडगार हवा तोंडावर आली. दाजींचा फोन सीटवर वाजत होता, पडद्यावर बहिणीचं नाव. त्यानं दाजींना बाहेर ओढलं, गालावर मारलं, छाती दाबत राहिला. शेवटी पाइपवाल्यानं त्याचे दोन्ही हात धरले.

हॉस्पिटलात बहीण आली तेव्हा चादर अजून तोंडावर ओढलेली नव्हती. दाजींचे गाल लालसर होते, ओठ गुलाबी. ती बाकड्यावर बसली, एका हातात भावाचा हात घट्ट धरून, आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याचे केस सारखे करू लागली.

"बघ ना, किती टवटवीत दिसतात. कित्येक वर्षांत असे दिसले नव्हते." मग भावाकडे वळून म्हणाली, "शेवटची झोप तरी गारव्यात लागली, दादा. तुझ्यामुळे."

पाइपवाला दारात उभा होता. त्यानं मान हलवली, नको, आत्ता नको. एसीवाल्याला ते कळलं. पण तो हात, तो विश्वासानं धरलेला हात त्याला सोसवेना.

"झोप नव्हती ती," तो म्हणाला. "खालून धूर येत होता, त्यातल्या बिनवासाच्या विषारी वायूनं गेले ते, गाल लाल झालेत तेही त्यानंच. आधी भोकांतून निघून जायचा. ती भोकं मी बुजवली. झडपही मीच आवळली. सांध्याची काजळी दिसली होती मला, मी बोललो नाही."

ती रडली नाही. त्याच्याकडे बघत राहिली, समोरचा माणूस कोण ते आठवत नसल्यासारखी. मग तिनं आपला हात सोडवून घेतला.

"मी त्यांना काचा लावायला सांगितलं," ती हळूच म्हणाली. "तू बोलला असतास तर मी सांगितलं असतं का?"

"नाही."

"बाहेर जा, दादा."

तो उठून बाहेर गेला.